प्रस्थापित ज्येष्ठांसमोर उभा राहणारा तरुण उमेदवार : प्रचार वयावर करावा की संस्थांच्या कारभारावर?

प्रश्न : भोगावतीकाठ

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातील भोगावती नदीकाठच्या एका गावचा रहिवासी असून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. माझा बालमित्र येत्या पंचायत समितीच्या निवडणुकीत आमच्या गणातून, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातून, अपक्ष म्हणून उभा राहण्याच्या तयारीत आहे आणि त्याच्या प्रचाराची जुळवाजुळव माझ्या अंगावर आली आहे. तो सत्तावीस वर्षांचा आहे, कायद्याचे शिक्षण घेतलेला आहे, त्याच्या घरात आजवर ग्रामपंचायतीचा सदस्यही कुणी झालेला नाही आणि भावकी म्हणावी तर जेमतेम अकरा घरांची आहे. समोर ज्यांच्या गटाचे वर्चस्व आहे ते गृहस्थ आमच्या जन्माआधीपासून दूध संस्थेचे चेअरमन आहेत, त्यांचे बंधू पीक कर्ज देणाऱ्या विकास सेवा संस्थेत आहेत, जावई पतसंस्थेत आहेत, आणि स्वतः उभे न राहता इतरांची उमेदवारी ठरवण्याचे काम ते गेल्या चार निवडणुकांपासून करीत आले आहेत.

आम्ही पहिला फलक लावला त्यावर ‘आता विश्रांती घ्या, आम्हाला संधी द्या’ असे लिहिले होते, आणि खालच्या कोपऱ्यात, राजर्षी शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा त्यांनी वयाची वीस वर्षेही पूर्ण केली नव्हती, हेही नमूद केले होते. तालमीतल्या मुलांना फलक फार आवडला, मोबाइलवरून तो शेजारच्या तालुक्यांपर्यंत पोहोचला, आणि आठवडाभर आम्हाला असे वाटत राहिले की निम्मे काम झाले.

अडचण घरोघरी फिरताना लक्षात आली. लोक बसायला पाट देतात, चहा देतात, मुलाचे कौतुकही करतात; मात्र मताचा विषय निघाला की बोलणे जनावरांच्या वैरणीकडे वळते. ज्यांना मी लहानपणापासून आबा म्हणतो अशा एका शेतकऱ्यांनी आमचे सारे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि उठताना विचारले, “पोरा, तुझं समदं पटतंय बघ. पर फेब्रुवारी सरला आन् ऊस रानातच उभा ऱ्हायला, तर टोळी तू आणून देणार हाईस काय?” ऊसतोड मजुरांच्या टोळीबाबत माझ्या मित्रापाशी उत्तर नव्हते आणि माझ्यापाशीही नव्हते. परतताना आम्ही दोघेही गाडीवर एक शब्द बोललो नाही.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे ते असे. ज्येष्ठांच्या पिढीविरुद्ध तरुणांची पिढी असा सरळ सामना मांडणे आपल्या जिल्ह्यात चालते का? ज्यांच्या हातात दूध, कर्ज आणि ऊसतोड या तिन्ही गोष्टी आहेत त्यांच्याविरुद्ध, ज्याच्या हातात यांपैकी काहीही नाही अशा माणसाने, मतदाराला नेमके काय सांगावे? आणि आबांना काय उत्तर द्यावे?


प्रतिसाद १ : निवृत्त सचिव

फलकापासून सुरुवात करतो, कारण चूक तिथेच झाली आहे असे माझे मत आहे. मी पन्हाळा तालुक्यातील एका प्राथमिक दूध संस्थेत एकतीस वर्षे सचिव होतो, त्यामुळे तुम्ही ज्यांच्याविरुद्ध उभे आहात त्या प्रकारच्या माणसांच्या शेजारी माझे आयुष्य गेले आहे, हे आधीच सांगून टाकतो.

निव्वळ वय झाले म्हणून या जिल्ह्याच्या मतदाराने कुणाला घरी बसवल्याचे मला आठवत नाही. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाने उमेदवारी नाकारल्यावर सत्तरी ओलांडलेले सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि समोर संभाजीराजे छत्रपती यांच्यासारखा राजघराण्यातील तरुण उमेदवार असतानाही निवडून आले. पंधरा वर्षांनी, २०२४ मध्ये, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या शाहू छत्रपतींनी त्याच मंडलिकांचे चिरंजीव आणि तेव्हाचे विद्यमान खासदार संजय मंडलिक यांचा पराभव केला. दोन्ही वेळा अधिक वयाचा उमेदवार जिंकला, आणि दोन्ही वेळा गावोगावच्या कट्ट्यांवर चर्चा होती ती कुणी कुणाला डावलले आणि कुणाचा मान राखायचा याची. आपल्याकडे इर्षेने मतदान होते असे म्हणतात ते यालाच. विश्रांती घ्या असे सांगणारा फलक लावून तुम्ही ती इर्षा समोरच्या गटाला फुकट दिली आहे. त्या गृहस्थांच्या वयाच्या प्रत्येक माणसाला आता तो फलक आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटत असणार. शाहू महाराजांचे वय लिहिलेत तेही काढून टाका. त्यांना निवडणूक लढवायची नव्हती, तुम्हाला लढवायची आहे.

दुसरी गोष्ट अशी की ‘तरुण’ आणि ‘बाहेरचा’ हे दोन शब्द तुम्ही एकाच अर्थाने वापरत आहात. हातकणंगले मतदारसंघाकडे पाहा. राजू शेट्टी हे खऱ्या अर्थाने बाहेरून आलेले नेतृत्व होते. कारखाना नाही, बँक नाही, घराणे नाही, आणि तरीही ऊसदराच्या आंदोलनातून ते २००२ मध्ये जिल्हा परिषदेवर, २००४ मध्ये शिरोळमधून विधानसभेवर आणि २००९ मध्ये लोकसभेवर गेले. २०१९ मध्ये त्यांचा पराभव केला तो वयाने त्यांच्यापेक्षा लहान असलेल्या धैर्यशील माने यांनी, ज्यांचे आजोबा बाळासाहेब माने आणि मातोश्री निवेदिता माने हे दोघेही लोकसभेचे सदस्य राहिलेले होते. म्हणजे तिथे तरुण होता तो घराण्यातला आणि बाहेरचा होता तो तुलनेने वयस्क. मतदाराला हा फरक स्पष्ट कळतो. तुमच्या फलकाला मात्र तो कळलेला दिसत नाही.

आता संस्थांविषयी, कारण खरा विषय तोच आहे आणि त्यावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे.

गावचा चेअरमन बलवान का असतो, हे बाहेरून पाहणाऱ्याला पैशाचे किंवा दंडेलीचे प्रकरण वाटते. पैसा असतोच, मतदानाच्या आदल्या रात्रीचे लक्ष्मीदर्शनही असते, तरी रोजचा धागा वेगळाच आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला माणूस संस्थेत येतो. तिथे दुधाची प्रत सांगणारी फॅट आणि डिग्री लागते, दर दहा दिवसांनी बिल निघते, दिवाळीला फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची वाढीव रक्कम, मिळतो, आणि मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला उचल हवी असेल तर त्याच खिडकीवर मागावी लागते. विकास सेवा संस्थेतून पीक कर्ज मिळते आणि त्याची वसुली उसाच्या बिलातून परस्पर कपात होते. यातले काहीही बेकायदेशीर नाही. तरीसुद्धा वर्षातून सातशे-तीस वेळा ज्या दारात उभे राहावे लागते त्या दाराच्या विरोधात माणूस उघडपणे बोलत नाही. भरीस भर म्हणून निवडणुकीच्या निकालाचे आकडे बूथनिहाय बाहेर पडतात, आणि कोणत्या गल्लीने कुणाला हात दिला याचा अंदाज दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बांधला जातो. मत गुप्त असते, गल्ली गुप्त राहत नाही. तुम्हाला चहा मिळतो आणि शब्द मिळत नाही याचे कारण हे आहे, आणि त्यात त्या लोकांचा भित्रेपणा शोधू नका.

या धाग्याचे दुसरे टोक तालुक्यावर आणि जिल्ह्यावर आहे. जिल्हा दूध संघाच्या संचालक मंडळासाठी दूध घालणारा उत्पादक मत देत नाही. प्रत्येक संस्था आपल्या एका प्रतिनिधीच्या नावाचा ठराव करते आणि तो ठरावधारक मत देतो. २०२१ मध्ये गोकुळची, म्हणजे आपल्या जिल्हा दूध संघाची, निवडणूक झाली तेव्हा लाखो उत्पादकांच्या वतीने मत देणारे ठरावधारक साडेतीन हजारांच्या आसपास होते. ज्याच्या खिशात ठराव आहे त्याला नेत्यांचे दूरध्वनी येतात, आणि ज्याला नेत्यांचे दूरध्वनी येतात त्याला गावात मान मिळतो. त्या निवडणुकीत दीर्घकाळची सत्ता बदलली, सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या आघाडीला २१ पैकी १७ जागा मिळाल्या. पण ते दोघेही त्या वेळी राज्याचे मंत्री होते. तो बदल जोडण्यांचा, म्हणजे गटागटांच्या हातमिळवणीचा, होता. पिढीचा बदल म्हणून तो कुणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नका.

मग बाहेरच्या माणसाने शिरावे कुठून? माझे उत्तर कंटाळवाणे आहे : सर्वसाधारण सभेतून. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे कोणत्याही सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, संचालकांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. माझ्या एकतीस वर्षांत हा हक्क बजावायला किती सभासद आले ते मी दोन हातांच्या बोटांवर मोजू शकतो, आणि जे आले त्यांच्यापैकी बहुतेकांना मी स्वतः, चेअरमनांच्या सांगण्यावरून, “उद्या या” असे सांगितले. याचा मला आज अभिमान नाही. तुमचा मित्र कायदा शिकलेला आहे. त्याने दूध संस्थेच्या फरकाचा हिशेब, म्हणजे नफ्यातून किती रक्कम कोणत्या निधीला गेली आणि लिटरमागे किती वाटली, हे साध्या मराठीत एका कागदावर मांडून लोकांना वाचून दाखवावे. आरोप करू नये. कारभार स्वच्छ असेल तर तेही सांगावे; त्याने तुमची पत वाढेल, कमी होणार नाही.

आबांना उत्तर द्यायचे तर खरे द्या : टोळी मी आणू शकणार नाही. पंचायत समितीच्या सदस्याच्या हातात ऊसतोड नसते, आणि ती आहे असे भासवणारा पहिल्याच हंगामात उघडा पडतो. करता येण्यासारखे एवढेच आहे की गावातील प्रत्येकाच्या कारखान्याकडील ऊस नोंदीची तारीख लिहून ठेवावी आणि तोडणीचा क्रम कारखान्याच्या गट कार्यालयात विचारून चावडीवर लावावा. कुणाचा ऊस मागून पुढे गेला हे एकदा कागदावर दिसले की खुशालीचा, म्हणजे टोळीला वरून द्याव्या लागणाऱ्या पैशांचा, दरही जरा खाली येतो, असा अनुभव आहे.


प्रतिसाद २ : साठीपार

मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि तुमच्या फलकाने मला राग आला, हे स्पष्ट लिहितो. कोल्हापूर शहरातील टोलविरोधी आंदोलनात मी मोर्चात चाललो आहे. त्या आंदोलनाच्या अग्रभागी ऐंशी ओलांडलेले प्रा. एन. डी. पाटील उन्हात उभे असत आणि आमच्या गल्लीतील विशी-पंचविशीची मुले त्यांच्या मागे असत. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला तेव्हा त्यांना विश्रांती घ्या असे कुणी म्हटले नाही. दुसरीकडे, ज्यांना तुम्ही आज सर्वांत ज्येष्ठ नेते म्हणता ते शरद पवार १९६७ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि १९७८ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा सदतीस वर्षांचे नव्हते काय? म्हणजे तरुणपणी सत्तेत येणे हा काही तुमच्या पिढीने लावलेला शोध नव्हे, आणि तरुणपणी आलेला माणूस पुढे प्रस्थापित होत नाही अशी हमीही कुणी देऊ शकत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, आणि ती करताना मला बरे वाटत नाही. आमच्या पिढीने संस्था उभ्या केल्या, चालवल्याही. मात्र पुढची फळी तयार करण्याची वेळ आली तेव्हा बहुतेकांना स्वतःचा मुलगा, पुतण्या किंवा जावई यांच्यापलीकडे कुणी दिसले नाही. आमच्या सेवा संस्थेत मी दोनदा एका हुशार मुलाचे नाव सुचवले, दोन्ही वेळा “त्याच्यामागे किती मतं हाईत?” एवढाच प्रश्न आला आणि मी गप्प बसलो. तुमच्या मित्राने हे बोलावे. यावर माझ्या वयाची माणसेसुद्धा मान हलवतील.


प्रतिसाद ३ : गडहिंग्लजची सरपंच

निवृत्त सचिवांनी लिहिलेले बहुतेक सारे मला पटते, परंतु त्यांच्या चित्रात एक माणूस राहून गेला आहे आणि ती म्हणजे धार काढणारी बाई. पहाटे उठून शेण काढते ती, वैरण टाकते ती, बहुतेक घरांत संस्थेत किटली घेऊन जाते तीही तीच. सभासद म्हणून नाव असते ते सासऱ्याचे किंवा नवऱ्याचे. त्यामुळे सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारा हा सल्ला निम्म्या गावाला लागूच होत नाही. तुमच्या मित्राला गावात शिरायला एक दार हवे असेल तर ज्या घरात दूध बाईच्या हातचे आहे त्या घरात सभासदत्व तिच्या नावावर व्हावे, हा विषय त्याने घ्यावा. मी घेतला होता. पहिल्या वर्षी आमच्या गावातील नऊ बायकांनी अर्ज दिले, त्यांतले चार मंजूर झाले, आणि त्या चौघींनी माझ्यासाठी जे काम केले ते कुठल्याही तालमीने केले नाही.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. डिसेंबर २०२२ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत मी थेट सरपंचपदासाठी उभी राहिले. थेट निवडीची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली, त्या पुन्हा लागू झालेल्या पद्धतीतील मी एक. माझे वय तेव्हा एकोणतीस होते, पद महिलांसाठी राखीव होते, आणि दोन्ही गटांनी आपापल्या नेत्यांच्या सुना उभ्या केल्या होत्या. फलकावर त्या दोघींचे फोटो लहान आणि सासऱ्यांचे फोटो मोठे होते. मी माझ्या फलकावर एकटीचाच फोटो लावला, तेव्हा माझ्या स्वतःच्या चुलत सासूबाईंनी विचारले की तुझ्यामागं कुणी न्हाई काय ग. कपबशी चिन्ह मिळाले आणि त्रेचाळीस मतांनी गुलाल लागला.

खरी अडचण गुलाल धुतल्यानंतर सुरू झाली, आणि तुम्ही आतापासून तिचा विचार करावा म्हणून हे लिहीत आहे. सरपंच मी, सदस्यांचे बहुमत समोरच्या गटाचे. पहिले आठ महिने मासिक सभेत माझा प्रत्येक विषय ‘पुढील सभेत घेणे’ या शेऱ्याने पुढे गेला. मोठ्या आवाजात कुणी बोलत नसे. सगळे मला ताई म्हणत, पाणी विचारत, आणि विषय पुढे ढकलत. ज्येष्ठांशी भांडावे लागेल या तयारीने मी गेले होते आणि तिथे भांडायला कुणी नव्हतेच. शेवटी मार्ग सापडला तो ग्रामसभेचा. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत साठ टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावयाची असे आणि उरलेली चाळीस टक्के अबंधित असे. हा साधा हिशेब मी ग्रामसभेत फळ्यावर खडूने लिहिला आणि विचारले की अबंधित रकमेतून काय करायचे ते तुम्ही सांगा. त्या दिवशी सभागृहात बसलेल्या सदस्यांना पहिल्यांदा गावासमोर मत द्यावे लागले. तीन कामे एकाच दिवशी मंजूर झाली. नंतरच्या सभांना उपस्थिती पुन्हा घटली, हेही खरे आहे. फळा दरवेळी गर्दी जमवत नाही.

पंचायत समितीच्या उमेदवाराने माझ्या मते एक विषय हातात घ्यावा, तो म्हणजे जनावरांचा दवाखाना. जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतील पशुवैद्यकीय दवाखाना, तिथले रिक्त पद, लसीकरणाचे दिवस, हे पंचायत समितीच्या सभेत उपस्थित करता येण्यासारखे विषय आहेत आणि दूध घालणाऱ्या प्रत्येक घराला ते भिडतात. २०२२ मध्ये जनावरांचा लम्पी रोग आला तेव्हा आमच्या गल्लीतील एक म्हातारी दोन दिवस गाईजवळ बसून होती. तिला विश्रांतीचा फलक दाखवून काय उपयोग झाला असता? २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा आपल्या गावाच्या वतीने हे प्रश्न विचारणारा निवडून दिलेला माणूसच तिथे उरला नव्हता. तुमच्या मित्राने यावर बोलावे. इथे ज्येष्ठ आणि तरुण दोघांचाही तोटा एकसारखा झाला आहे.

आणखी एक. समोरच्या गृहस्थांच्या घरी त्याने अर्ज भरण्याआधी एकदा जाऊन यावे आणि मी उभा राहत आहे असे त्यांना स्वतः सांगावे. मी गेले होते. त्यांनी मला साडी-चोळी दिली, आणि मग माझ्याविरुद्ध जिवाचे रान केले. दोन्ही गोष्टी गावाने पाहिल्या.


प्रश्नकर्त्याचे उत्तर : भोगावतीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. साठीपार काकांची मी क्षमा मागतो. फलक काल रात्री उतरवला आहे. उतरवताना तालमीतली काही मुले नाराज झाली आणि त्यांच्यातला एक जण आपण घाबरलो असे म्हणून निघून गेला, त्याची समजूत अजून काढता आलेली नाही. नव्या फलकावर काय लिहायचे यावर आमचे एकमत झालेले नाही. माझ्या मित्राला दवाखान्याचा विषय पटला आहे, मला स्वतःला सभासदत्वाचा विषय जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या आईने बावीस वर्षे दूध घातले आणि संस्थेच्या पुस्तकात तिचे नाव कुठेही नाही, हे मला वरचा प्रतिसाद वाचेपर्यंत सुचलेसुद्धा नव्हते.

समोरच्या गृहस्थांकडे आम्ही दोघे आज सकाळी जाऊन आलो. त्यांनी बसवून घेतले, माझ्या मित्राच्या वडिलांची चौकशी केली, आणि निघताना म्हणाले, “उभा ऱ्हा, पर पडल्यावर संस्थेत यायचं बंद करू नगंस.” हा आशीर्वाद होता की इशारा होता, यावर आमच्यात दुपारपासून वाद चालू आहे.

आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो, तो पैशाचा. राजू शेट्टी यांच्या निवडणुकीत लोकांनी मताबरोबर नोटही दिली होती, असे आम्ही ऐकत आलो आहोत. आमच्यासारख्या लहान गणात तसे करता येईल का?


प्रतिसाद ४ : निवृत्त सचिव

वाद घालू नका. तो दोन्ही होता. त्या पिढीतील माणसे ही दोन कामे एकाच वाक्यात करतात, मी ती अनेक वर्षे ऐकली आहेत.

पैशाविषयी सांगतो. लोकवर्गणी काढणे शक्य आहे, मात्र शेट्टी यांच्यामागे ऊसदराच्या आंदोलनाची अनेक वर्षे होती, हातात दिलेल्या नोटेला त्या वर्षांचे तारण होते. तुमच्यामागे सध्या एक उतरवलेला फलक आहे. म्हणून रक्कम लहान ठेवा आणि हिशेब मोठ्या संस्थेसारखा ठेवा. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडा, सारा खर्च त्यातूनच करा, आणि निकालानंतर तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब सादर करा. हरलेल्या उमेदवारालाही तो द्यावा लागतो, आणि न दिल्यास पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरण्याची पाळी येते. पहिल्यांदा उभे राहणारे अनेक जण इथेच चुकतात, कारण हरल्यावर कागद शोधण्याचे त्राण कुणात नसते. खर्चाची वही माझ्या मते तुम्ही स्वतः सांभाळा, उमेदवाराच्या हाती देऊ नका. तुमचे दैनंदिन खर्चाचे पान रोज रात्री संस्थेच्या कट्ट्यावर लावलेत तर फारच उत्तम. समोरच्या गटाला तसे करणे अवघड जाईल.

आणि वर्गणी मागताना गल्ली पाहून मागा. पावती नावानिशी फाडावी लागते आणि पावतीपुस्तक कुणाच्याही हाती पडू शकते, म्हणून आबांच्या घरी पुस्तक काढू नका. त्यांच्याकडे पुन्हा गेलात तर त्यांच्या ऊस नोंदीची चिठ्ठी घरात आहे का एवढेच विचारा, आणि असेल तर तिच्यावरची तारीख तुमच्या वहीत उतरवून घ्या.